फैलकाचे ग्रीक देव आणि कोल्हापूरचा पोसायडन

कुवेत म्हटले की तेल, वाळवंट आणि मॉल एवढेच गावाकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे येते. खरे सांगायचे तर इथे वीस-वीस वर्षे काढलेल्या आपल्यापैकी अनेकांचेही तेच. पण कुवेत शहराच्या किनाऱ्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या फैलका बेटावर १९३७ साली एक कोरीव दगड सापडला, आणि त्यावरचा मजकूर चक्क ग्रीक निघाला. अथेन्सचा सोतेलेस नावाचा कोणी एक गृहस्थ आणि त्याच्यासोबतचे सैनिक यांनी तारणहार झ्यूस, पोसायडन आणि तारणहार आर्टेमिस या तीन देवतांना काही अर्पण केल्याची ती नोंद आहे. घर सोडून आखातात नोकरीला आलेल्यांची ही बहुधा सर्वांत जुनी पाटी!

अलेक्झांडरने या बेटाला एजियन समुद्रातल्या इकारोस बेटाचे नाव द्यायला सांगितले, असे अरियन हा इतिहासकार लिहितो. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला वारला. पुढे त्याच्या सेनापतीच्या, म्हणजे सेल्युकसच्या वंशजांनी इथे तटबंदीचे ठाणे उभारले. १९५८ पासून डॅनिश पथकाने इथे उत्खनन केले. तेव्हा तटाच्या आत एक छोटे देऊळ सापडले. त्याच्या खांबांचे माथे ग्रीक आयोनिक पद्धतीचे, तर तळखडे इराणी धाटणीचे. दूरदेशी बांधलेले देऊळ असेच असायचे!

सोतेलेसने पोसायडनचे नाव घेतले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर देवाचे कोणते रूप उभे राहिले असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होता. त्याचे उत्तर शोधायला ग्रीक शिल्पकलेत तीनशे वर्षे मागे जावे लागते.

इ.स.पू. ६०० च्या सुमाराचे ग्रीक पुतळे पाहिले तर आपल्याला ते परके वाटत नाहीत. ‘कूरोस’ म्हणून ओळखला जाणारा हा विवस्त्र तरुण ताठ उभा, हात शरीराला चिकटलेले, मुठी आवळलेल्या, ओठांवर ठरावीक स्मित. डावा पाय जरा पुढे असतो, पण शरीराचा भार मात्र दोन्ही पायांवर सारखा. ही ठेवण त्यांनी इजिप्तकडून उचलली. मला तर विठोबाचे समचरणच आठवतात. अर्थात तिथे विटेवर उभे राहण्यामागे भक्ताची वाट पाहणे आहे, इथे दगडाची मर्यादा.

मग सुमारे शंभर वर्षांत एक बदल झाला. वर्णन करायला अगदी क्षुल्लक, पण परिणाम प्रचंड. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने अथेन्स जाळले. त्याच सुमाराचा, आज जेमतेम चार फूट उरलेला एक संगमरवरी मुलगा अक्रोपोलिसवर सापडला. त्याला ‘क्रिटिओसचा मुलगा’ म्हणतात. याने भार डाव्या पायावर घेतला आहे आणि उजवा गुडघा सैल सोडला आहे. बस्स, एवढेच. पण एका पायावर भार आला की त्या बाजूची कंबर वर जाते, दुसरी खाली येते, पाठीचा कणा किंचित वळतो आणि मानही सरळ राहत नाही. बसस्टॉपवर उभे राहून पाहा, लगेच कळेल. ओठांवरचे ते ठरावीक हसूही इथे मावळले आहे. आपल्याकडे मुरलीधराचा देहुडा चरण काय, त्रिभंग काय, ती लय आपल्या कलाकारांनी स्वतःच्या वाटेने साधली. ग्रीकांची धडपड वेगळी होती. जिवंत माणूस उभा असताना त्याच्या हाडामांसाचे नेमके काय होते, हे त्यांना हवे होते.

दगडात हे सगळे करता येत नाही. हात लांब पसरला तर तो वजनाने मोडतो. म्हणून मोठे शिल्पकार कांस्याकडे वळले. मेणाचा थर, त्यावर माती, मेण वितळवून त्या जागी धातू, म्हणजे मूर्ती आतून पोकळ आणि हलकी. ग्रीसमधल्या आर्टेमिसिओन भूशिराजवळ समुद्राच्या तळातून १९२० च्या दशकात वर काढलेला सुमारे इ.स.पू. ४६० चा देव असाच आहे. दोन मीटरपेक्षा उंच, दोन्ही हात पसरलेले, हातातले आयुध फेकण्याच्या बेतात. आयुध हरवल्यामुळे हा वज्र फेकणारा झ्यूस की त्रिशूळ फेकणारा पोसायडन, यावर पंडितांचा वाद आजही चालू आहे! असे बहुतेक कांस्यपुतळे पुढे वितळवले गेले. पॉलिक्लीटसचा भालाधारी तरुण आपण ओळखतो तो रोमन संगमरवरी नकलांमुळे. त्यांत पायामागे एक झाडाचा बुंधा दिसतो, तो केवळ दगडाचा भार पेलण्यासाठी. पॉलिक्लीटसने शरीराच्या प्रमाणांवर ग्रंथही लिहिला होता, तो हरवला.

शेवटी आला लिसिपस, अलेक्झांडरचा समकालीन. त्याने डोके लहान केले, शरीर सडपातळ केले आणि पुतळा चारी बाजूंनी फिरून पाहावासा वाटेल असा घडवला. आपली मूर्ती फक्त लिसिपसनेच करावी असा अलेक्झांडरचा आग्रह असल्याचे प्लुटार्क सांगतो. सोतेलेसच्या मनातला पोसायडन बहुधा याच घडणीचा असणार.

आता परत फैलकावर येऊ. इथे ना संगमरवर, ना लिसिपस. पण डॅनिश पथकाला इथल्या एका इमारतीत भाजलेल्या मातीच्या लहान लहान मूर्ती मिळाल्या, आणि त्या घडवण्याचे साचेही. काही मूर्ती सरळ ग्रीक वळणाच्या, तर काही बाबिलोनकडच्या जुन्या परंपरेतल्या, आणि दोन्ही एकाच ठिकाणी. कलेच्या इतिहासाची जाड पुस्तके या मूर्तींना फारशी जागा देत नाहीत. ‘कला संपली, कारागिरी उरली’ असा एकंदर सूर असतो. मला हे पटत नाही. पेणचा गणपतीही साच्यातूनच निघतो, पण तो घरात आला की साच्याचा विचार कोण करतो? परमुलखात देव न्यायचा तर तो हातात मावला पाहिजे, परवडला पाहिजे आणि फुटला तर दुसरा मिळाला पाहिजे. पार्थेनॉनमधली फिडिअसची सोन्या-हस्तिदंताची भव्य अथेना कालौघात नष्ट झाली. मातीच्या मूर्ती मात्र उरल्या.

उरल्या, पण सुखाने नाही. २ ऑगस्ट १९९० नंतर काय झाले ते आपल्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. आपले लोक जॉर्डनमार्गे मुंबईला पोचत होते, त्याच काळात कुवेतच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या वस्तू बगदादला नेण्यात आल्या आणि इमारतीला आग लावण्यात आली. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली बऱ्याच वस्तू परत आल्या, काही आल्याच नाहीत. फैलकाच्या रहिवाशांनाही बेट सोडावे लागले, आणि त्यांच्यापैकी बहुतेक पुन्हा तिथे राहायला गेले नाहीत. त्यांची रिकामी घरे आणि सेल्युकसच्या वंशजांचा तट हे एकाच सहलीत बघून होते. मुलांना घेऊन हिवाळ्यात जा. सावली नाही, पाणी भरपूर ठेवा.

आणि सुट्टीत अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेलात, तर टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात अर्धा तास काढा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४० च्या दशकात सातवाहन काळातल्या कांस्यवस्तूंचा साठा सापडला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खननही केले. त्या साठ्यात रोमन घाटाच्या भांड्यांबरोबर वीतभरही नसलेली एक मूर्ती होती. दाढीवाला, विवस्त्र, त्रिशूळ हरवलेला पोसायडन! ती रोमन काळात घडलेली असली तरी तिची घडण लिसिपसच्या वळणाची असल्याचे काही अभ्यासक मानतात. सोतेलेसचा समुद्रदेव व्यापाऱ्यांच्या गलबतातून अरबी समुद्र ओलांडून, घाट चढून करवीरला पोचला. तो इथे कोणी पूजला की केवळ शोभेची वस्तू म्हणून जपला, हे ती मूर्ती सांगत नाही. पाहाल तेव्हा आधी तोंडाकडे बघू नका, पायांकडे बघा. भार कोणत्या पायावर आहे आणि कोणता गुडघा सैल आहे, ते मुलांनाच ओळखू द्या.