गड सर्वांचा, पायथा कोणाचा?

वेल्हे तालुक्यातले (आता या तालुक्याचे नाव राजगड) पाली हे गाव इतिहासात एका दरवाज्याच्या नावाने शिल्लक राहिले आहे. गुंजवण्याच्या बाजूने चोरदरवाज्याची अंगावर येणारी चढण आहे. पालीकडून मात्र पायऱ्यांची, रुंद, राबत्याची वाट पाली दरवाज्याशी पोचते. रायगडापूर्वी सुमारे पाव शतक राजगड ही शिवाजी महाराजांची राजधानी होती आणि ही वाट तिचा राजमार्ग. आज त्याच वाटेने जो येतो त्याला आपण पर्यटक म्हणतो. राजमार्गाचा असा सहलीचा मार्ग होतो तेव्हा त्याच्या कडेला काय विकावे, कोणी विकावे आणि कोणत्या अटींवर, या प्रश्नाचा इतिहास तपासण्याजोगा आहे.

१९४८ साली भोर संस्थान विलीन होईपर्यंत हा मुलूख पंतसचिवांकडे होता. गड पाहण्यासाठीच गडावर जाण्याची हौस त्यामानाने अलीकडची. विसाव्या शतकाच्या आरंभी चिं. ग. गोगटे यांनी ‘महाराष्ट्र देशातील किल्ले’ लिहिले, पुढे गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’सारख्या लेखनाने या हौसेला भाषा दिली. त्या जगात तिकीट नव्हते. पद्मावतीच्या देवळात पथारी पसरायची, टाक्याचे पाणी प्यायचे, पायथ्याच्या घरी भाकरी मागायची. आपण वाचक या जगाकडे हळवेपणाने पाहतो. पण फुकट वाटणाऱ्या त्या मुक्कामाचा खर्च कोणीतरी सोसतच होते. वाट दाखवणारा, पाणी देणारा, उतरलेल्याला जेवू घालणारा गावकरी ही त्या सार्वजनिक सोयीची बिनपगारी यंत्रणा होती. दुर्गसाहित्यात तो आतिथ्यशील म्हणून येतो, व्यावसायिक म्हणून क्वचितच.

शासन या क्षेत्रात यजमान म्हणून उतरले ते १९७५ साली, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या रूपाने. महामंडळ स्वतः निवासस्थाने चालवी आणि ‘निवास व न्याहारी’ योजनेखाली खासगी घरांची नोंदणीही करी. म्हणजे दुकानदार तोच आणि परवाना देणाराही तोच. २००२ चा स्पर्धा कायदा या बाबतीत उद्बोधक आहे. व्यवसाय करणारे सरकारी खातेही त्याच्या व्याख्येत ‘उद्यम’ ठरते. वगळली आहेत ती सार्वभौम स्वरूपाची कार्ये. या दृष्टीने पाहिले तर खोली भाड्याने देणारे सरकार आणि खोली भाड्याने देणारा गावकरी एकाच बाजारात उभे आहेत. तटबंदी सांभाळणारे सरकार मात्र त्या बाजारात नाही. तो खर्च समाजाने करायचा आणि त्याची तुलना कोणाच्या नफ्याशी करायची नाही.

सरकारी सवलतीमुळे खासगी धंदा मरतो, ही तक्रार जगभर ऐकू येते. आपल्या डोंगराळ पट्ट्यातला अनुभव बहुतांशी उलटा आहे. १९९६ साली राज्याने खासगी गिरिस्थानांना मुभा देणारे नियम केले. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांत उभी राहिलेली लवासा ही त्याची सर्वांत ठळक निर्मिती. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठची सुमारे १४१ हेक्टर सरकारी जमीन २००२ मध्ये या प्रकल्पाला भाडेपट्ट्याने देण्यात आली. त्या व्यवहाराला आव्हान देणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मुख्यतः विलंबामुळे फेटाळली. तोवर, २०१८ सालीच, कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती. शेजारच्या खोऱ्यात दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवणाऱ्याला कोणी जलाशयाचा काठ देऊ केला नाही. इथली विषमता सरकार विरुद्ध खासगी अशी नव्हती. एका खासगी आणि दुसऱ्या खासगीमध्ये होती, आणि ती सरकारच्या हाताने निर्माण झाली होती.

सप्टेंबर २०१९ मध्ये काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याच्या धोरणाची बातमी आली आणि महाराष्ट्र खवळला. शिवकालाशी निगडित, संरक्षित किल्ले यात नाहीत, असा खुलासा शासनाला करावा लागला. २०२१ मध्ये राजगडासाठी रोपवेचा करार झाला, तेव्हाही दुर्गप्रेमींनी विरोध केला. हा संताप मला योग्य वाटतो, पण अपुराही. गडावर हॉटेल नको असे म्हणताना पायथ्याशी काय हवे, हे आपण सांगितले नाही.

११ जुलै २०२५ रोजी राजगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांपैकी राजगड राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. आता गर्दी वाढेल, भांडवलही येईल. प्रत्येक खासगी निवासस्थान गडाचे दर्शन विकणार, आणि ते दर्शन त्याने निर्माण केलेले नसणार. म्हणून न्याय्य स्पर्धेची माझ्या मते पहिली अट ही, की गडावरून कमावणाऱ्या प्रत्येकाने, मग ते महामंडळ असो वा कंपनी, गडाच्या देखभालीत कमाईच्या प्रमाणात वाटा द्यावा. दुसरी अशी की सांडपाणी, कचरा आणि सुरक्षिततेचे नियम सर्वांना सारखेच असावेत. मात्र नोंदणीची कागदपत्रे दोन खोल्यांच्या घराला झेपतील अशी असावीत. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला यजमान म्हणून मान्यता दिली. तिचा उपयोग इथे होऊ शकतो. तिसरी अट, सरकारी जमीन कोणालाही द्यायची तर उघड स्पर्धेनेच द्यावी.

गड चढण्याला मात्र स्पर्धेचे नियम लागू करू नयेत. पाली दरवाज्यातून खिशात काही नसलेला विद्यार्थीही आत जाऊ शकला पाहिजे. आणि उतरल्यावर तो जिथे जेवेल, तिथे भाकरीची किंमत देण्यात त्याला आणि ती घेण्यात यजमानाला संकोच वाटता कामा नये.