पोट एकीकडे, घर एकीकडे

परवा भावाचा नातू फोनवर विचारत होता, "आजी, रोह्याचं घर काढून टाकलं तर ऐरोलीच्या फ्लॅटचे सुरुवातीचे पैसे उभे राहतील. तुला काय वाटतं?" मी लगेच काही बोलले नाही. मास्तरकीची जुनी सवय, उत्तर देण्याआधी धडा पहिल्यापासून वाचायचा. तोच इथे मांडते आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि हा मुलगा लॅपटॉप घेऊन रोह्याला आला. दोन वर्षं माजघरात बसून त्याने ऑफिसचं काम केलं. आता आठवड्यातून तीन दिवस हजर राहा म्हणतात. रोह्याहून रोज जाणं-येणं जमत नाही आणि तिकडचं भाडं पगार खाऊन टाकतं. त्याला हा प्रश्न अगदी नवा वाटतो. आमच्या घरात मात्र तो चौथ्या पिढीत आलेला आहे.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. लालबागला एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत. आई आणि आम्ही भावंडं रोह्याला. मनीऑर्डर दर महिन्याला यायची, ते स्वतः गणपतीला आणि शिमग्याला. लहानपणी मला ते पाहुणेच वाटत. मुंबईत बिऱ्हाड का केलं नाहीत, असं मी पुढे एकदा विचारलं तर म्हणाले, "जागा कुठे होती?" खरंच नव्हती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. जे आत होते त्यांना मोठा आधार झाला, पण भाड्याने द्यायला नव्या चाळी बांधणं मालकांना परवडेनासं झालं आणि रिकाम्या खोलीला पागडी पडू लागली. गिरणीच्या पगारात एका माणसाची वळकटी टाकायला कोपरा मिळे, बिऱ्हाड नाही.

आपल्या कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे नाव १९८१ पासूनचं) घरोघरी हीच तऱ्हा. पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली जन्मलेल्या विनोबांचंही तसंच. वडील नोकरीसाठी बडोद्याला आणि मूल आजोबांजवळ गावी. अशा दुभंगलेल्या संसाराची किंमत कधी कधी फार मोठी पडे. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांत घरी निघालेले कितीतरी चाकरमानी होते.

रेल्वे आपट्यापर्यंत १९६६ ला आली, रोह्याला पोचायला १९८६ साल उजाडलं. मग अप-डाऊन करणारी नवी जमात तयार झाली. रोहा ते दिवा शंभरेक किलोमीटर. ही माणसं घरी राहत होती म्हणायचं, पण मुलांना जागं असताना ती रविवारीच दिसत.

लग्न होऊन मी पेणला आले तेव्हा मला वेगळंच चित्र दिसलं. गणपतीचे कारखाने! शाडू गुजरातेतून यायची, गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, पुढे परदेशातलंही. माती बाहेरची, बाजार बाहेरचा, इथले होते ते हात आणि जागा. माझ्या वर्गातल्या मुली दप्तर टाकून रंगकामाला बसत. डोळ्यांच्या आखणीत तरबेज असलेली एक विद्यार्थिनी आज स्वतः आजी झाली आहे, अजून घरीच काम करते. तिच्या वडिलांना मुंबईत कोपरा शोधावा लागला नाही. घरून काम करणं या गावाला शंभर वर्षांहून जास्त ठाऊक आहे.

पण त्याला जागा लागते. मूर्ती महिनोन् महिने उभ्या राहतात, सुकतात, रंगाची वाट पाहतात. जागा महागली की कारखान्याचं गणित कोलमडतं. आता अटल सेतू झाला (जानेवारी २०२४), नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली (डिसेंबर २०२५), आणि उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत 'तिसरी मुंबई' व्हायची आहे. मुंबईचा पगार घेऊन लोक इकडे जागा पाहतात. त्यांना नावं कशी ठेवू? आमचा मुलगाही त्यांच्यासारखाच. पण मूर्तिकाराच्या मुलाला त्याच जागेसाठी त्यांच्याशी बरोबरी करावी लागते. स्वस्त घर आहे म्हणून लोक येतात, आणि ते आले की घर स्वस्त राहत नाही.

तर बाळा, माझं उत्तर असं. वडिलांना निवड करताच आली नाही. तुला दोन वर्षं करता आली, कारण हे घर होतं. आठवड्याचे तीन दिवस तिकडे मित्रांबरोबर खोली घे, बाकीचे इथे काढ. ऑफिसचे नियम या पाच-सहा वर्षांत किती वेळा बदलले ते तूच मोज. विकलेलं घर त्या भावात परत मिळायचं नाही. आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. तुझ्या पणजोबांनी तीस वर्षं त्या कोपऱ्यात झोपून या घराची कौलं दरसाल शाकारून घेतली.

अर्थात घर एकट्या माझं नाही. बाकीच्या भावंडांनी, भाच्यांनी आपलं मत जरूर कळवावं. गणपतीला सगळे जमूच, तेव्हा ठरवू.