शाळेत न गेलेल्या शिक्षिका

लोकसंख्यावाढ हा आपल्याकडे पाठ्यपुस्तकातला धडा. राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण कार्यक्रम १९८० मध्ये सुरू झाला आणि शिक्षकांची प्रशिक्षणे होऊ लागली. तेव्हाच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात मात्र हा धडा त्याआधीच गावोगावी पोहोचला होता. तो शिकवणाऱ्या कित्येक बायांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशन रुग्णालयातला अनुभव आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण त्यांच्या गाठीशी होते. त्यांनी सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पाच्या गावांत तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. जन्मदर हजारी ४० होता. ज्या घरात पाळणा असा रिकामा होतो, तिथे 'दोनच पुरेत' हे कोणी ऐकावे? कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या सरकारी जाहिरातीत नेमकी हीच गोष्ट सुटत होती.

शिकलेल्या नर्सबाई खेड्यात मुक्कामाला टिकेनात. तेव्हा आरोळे दांपत्याने गावालाच बाई निवडायला सांगितले. निवडलेल्या बाया आठवड्याला जामखेडला येत, रात्री तिथेच राहत. त्यांत दलित होत्या, मराठा होत्या. सगळ्या जातींच्या बाया एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. अक्षरओळख नसलेल्यांना धडा तोंडपाठ करावा लागे, दुसरीला समजावून सांगावा लागे. बाळाची नाळ स्वच्छ पात्याने कापली तर धनुर्वात टळतो. पहिले चिकाचे दूध टाकायचे नसते, बाळाला पाजायचे असते. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी द्यायचे. एवढे शिकून त्या गावी परतत, अंगणाअंगणात तेच सांगत. माझ्या मते शिक्षक-प्रशिक्षणाचा इतका कसदार नमुना महाराष्ट्रात विरळाच.

त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले, विंधनविहिरी खणल्या गेल्या. काही हातपंप दलित वस्तीत बसवले गेले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले.

याच राज्यात त्याच दशकात उलटाही प्रयोग झाला. आणीबाणीत नसबंदीच्या 'केस' आणण्याचे कोटे गुरुजींच्याही माथी मारले गेले. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पण त्या भीतीने कुटुंबनियोजन हा शब्दच बदनाम झाला. जामखेडच्या गावांत तोच विषय दारात बसून बोलला जात होता. पोरे जगू लागली तसा बायांनी आपणहून पाळणा लांबवला. नव्वदच्या दशकापर्यंत तिथला जन्मदर हजारी २० च्या आसपास आला होता. त्याआधीच, १९७९ मध्ये, आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता.

तरीही लहान कुटुंब म्हणजे न्याय्य कुटुंब नव्हे, हे याच जिल्ह्याने दाखवून दिले. २०११ च्या जनगणनेत नगरची लोकसंख्या ४५ लाखांवर गेली होती आणि शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५२. त्याच्या दहा वर्षे आधी त्या ८८४ होत्या. कुटुंब आटोपशीर करताना मुलगी नको ठरली. लोकसंख्या शिक्षणाच्या प्रशिक्षणाला बसणाऱ्या नगरच्या शिक्षकांपुढे जामखेडच्या जन्मदरासोबत हा आकडाही ठेवायला हवा.