कोंबडीची पिशवी आणि उन्हाळा

गावाकडे कोंबड्या माना मुरगाळून पटापट मरू लागल्या की 'मानमोडी आली' म्हणतात. मानमोडी म्हणजे राणीखेत. त्यात दिवस उन्हाळ्याचे असले की "लस दिली होती, तरी गेल्या" हेही ऐकू येतं आणि सगळ्या शिव्या लशीला बसतात. दर वेळी दोष लशीचाच असतो असं नाही. पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

कोंबडीच्या शेपटाखाली, गुदद्वाराच्या जरा वर आतल्या बाजूला एक छोटी पिशवी असते. इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियसने तिचं वर्णन केलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापलं गेलं. कोंबड्याचं वीर्य साठवायची ही जागा असावी, असा त्याचा तर्क. (नरालाही ती असते, त्याचं काय!) पुढची तीनशेहून जास्त वर्षं तिचं खरं काम कुणालाच कळलं नाही.

१९५० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठातला ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी तिच्या मागे लागला. त्याने पिलांची ही पिशवी काढली, पिलं वाढली, विशेष काही दिसेना. मग टिमोथी चँगला वर्गात प्रतिपिंडं दाखवायची होती, म्हणून त्याने ग्लिककडचे पक्षी उसने नेले, साल्मोनेलाचं प्रतिजन टोचलं... आणि प्रतिपिंडंच नाहीत! प्रात्यक्षिक फसलं, पण शोध लागला. 'सायन्स'ने निबंध परत पाठवला. १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला. डॉक्टर मंडळी कशाला वाचतात ते? आज आपण ज्यांना 'बी पेशी' म्हणतो, त्यातला 'बी' या बर्साचाच.

आता उन्हाळा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि अंग मुळातच ४१-४२ अंश सेल्सिअस. पारा चढला की ती चोच उघडून धापा टाकते, दाणा सोडते. रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं. ते बरेच दिवस वाढलेलं राहिलं की बर्सा, थायमस, प्लीहा आकसतात, लिम्फोसाइट कमी होतात. अमेरिकेतल्या ग्रॉस आणि सीगल यांनी १९८३ मध्ये दाखवलं की हेटेरोफिल आणि लिम्फोसाइट यांचं प्रमाण मोजून पक्ष्यावरचा ताण ओळखता येतो. अशा पक्ष्याला चांगली लस दिली तरी प्रतिपिंडं बेताचीच तयार होतात.

म्हणून लस द्यायची ती पहाटेच्या गारव्यात. भर दुपारी खुराड्यात पकडापकडी म्हणजे ताणावर ताण. आणि सावली-पाण्याची जास्त काळजी पिलांची घ्यायची, कारण पक्षी वयात आला की ही पिशवी आपोआप विरून जाते.