इंजेक्टर बदलण्यापूर्वी : जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे दोषनिदान

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना बोरी अरब हे गाव लागते. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात ट्रॅक्टरचा किंवा दुचाकीचा मिस्त्री हाकेच्या अंतरावर मिळतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन समजून घेणारा मिळेलच, याची मात्र खात्री नसते. सुटीत शहरातून गावी आणलेली अशी मोटार मे महिन्याच्या उन्हात तासभर उभी राहिली आणि पुन्हा सुरू होईना, किंवा चढावर झटके देऊ लागली, की पहिला आळ येतो तो इंजेक्टरवर. 'इंजेक्टर गेले, सगळे बदला' असा निकाल फोनवरच दिला जातो. सुटे भाग अनेकदा परदेशातून मागवावे लागतात, त्यात आठवडे जातात, मोठी रक्कम खर्च होते आणि नवे इंजेक्टर बसवल्यावरही झटके तसेच राहतात. कारण दोष इंजेक्टरमध्ये नसतोच. म्हणूनच इंजेक्टर बदलण्याआधी तो दोषी आहे हे सिद्ध करणे महत्त्वाचे ठरते.

कार्ब्युरेटर गेला, इंजेक्टर आला

भारतीय मोटारींमध्ये इंजेक्टर सर्रास दिसू लागला तो प्रदूषण नियमांमुळे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. युरो-२ च्या धर्तीवरील 'भारत स्टेज-२' नियम दिल्ली परिसरात २००० साली, तर मुंबईत २००१ साली लागू झाले. कार्ब्युरेटरला हे निकष पेलणे कठीण होते. त्यामुळे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेली 'एमपीएफआय' रचना रूढ झाली.

आज जुन्या झालेल्या वेगवान मोटारी याच काळातील आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट पॅलिओ १.६ ही चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह आणि सुमारे १०० अश्वशक्तीची गाडी रूढ अर्थाने स्पोर्ट्स कार नसली, तरी तिच्या चाहत्यांनी तिला तोच मान दिला. रेनोचे छोटे इंजिन बसवलेली 'सॅन स्टॉर्म' ही फायबर बॉडीची दोन आसनी गाडी संख्येने कमी, पण खरी स्पोर्ट्स मोटार होती. २००३ मध्ये आयात शुल्काच्या वादामुळे देशभर गाजलेली सचिन तेंडुलकर यांची फेरारी ३६० मोडेना ही ३.६ लिटर, आठ सिलिंडर आणि ४०० अश्वशक्तीची. या तिन्ही गाड्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असला, तरी पेट्रोल इंजेक्टरचे मूळ काम तिन्हींत सारखेच चालते.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी अतिशय बारीक तोटी. आत तारेचे वेटोळे असते. संगणकाकडून विद्युतप्रवाह मिळाला की त्यातील चुंबकत्व सुई उचलते आणि साधारण ३ बार दाबाखालील पेट्रोल तुषारांच्या रूपात इनटेक व्हॉल्व्हजवळ पडते. इंजिन संथ चालत असताना ही तोटी प्रत्येक वेळी अवघे दोन-तीन मिलिसेकंद उघडी असते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर पूर्ण चक्राला मिळतात केवळ २० मिलिसेकंद. इतक्या काटेकोर कामात सुईच्या टोकाशी बसलेला किंचित थरही फरक पाडतो.

लक्षणे बोलकी, पण फसवी

इंजेक्टरचे दोष ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला, चोंदणे : पेट्रोल कमी पडते, इंजिन मिसिंग मारते, पिकअप मंदावतो. दुसरा, गळणे : सुई पूर्ण बंद होत नाही, पेट्रोल ठिबकत राहते, धूर काळपट येतो, इंधनाचा खप वाढतो आणि गरम इंजिन सुरू करताना बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. तिसरा, विजेचा : वेटोळे तुटते किंवा शॉर्ट होते आणि तो सिलिंडर निकामी होतो.

अडचण अशी की, हीच लक्षणे इतर दोषांतही दिसतात. इग्निशन कॉइल कमजोर झाली किंवा स्पार्क प्लग खराब झाला, तरी इंजिन मिसिंग मारते. इनटेक मॅनिफोल्डच्या गास्केटमधून किंवा तडकलेल्या व्हॅक्यूम नळीतून हवा शिरली, तर मिश्रण विरळ होऊन इंजेक्टर चोंदल्यासारखेच वाटते. फ्युएल फिल्टर तुंबला किंवा पंप थकला, तर सर्वच सिलिंडर उपाशी राहतात. प्रेशर रेग्युलेटरचा पडदा फाटला, तर त्याच्या व्हॅक्यूम नळीतून पेट्रोल थेट इंजिनात ओढले जाते आणि आळ मात्र 'गळक्या' इंजेक्टरवर येतो. ही नळी काढून तिला पेट्रोलचा ओलावा आहे का, एवढे पाहिले तरी अनेकदा उत्तर मिळते.

स्वस्त चाचणी आधी

निदानाचा क्रम स्वस्त आणि सोप्या चाचणीपासून सुरू व्हावा. प्रथम स्पार्क प्लग काढून शेजारी-शेजारी मांडावेत. सर्व प्लग फिकट तपकिरी आणि एकच काळा-ओला असेल, तर त्या सिलिंडरमध्ये एक तर पेट्रोल जास्त येते आहे किंवा ठिणगीच पडत नाही. एकच प्लग पांढुरका असेल, तर तेथे पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता असते. याच वेळी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. व्हॉल्व्ह किंवा पिस्टन रिंग झिजलेली असेल, तर इंजेक्टरवर केलेला खर्च वाया जातो.

त्यानंतर दोषी सिलिंडर निश्चित करावा. इंजिन संथ चालू ठेवून प्रत्येक इंजेक्टरचा विजेचा कनेक्टर क्रमाने काढावा व पुन्हा लावावा. सिलिंडर निरोगी असेल तर इंजिनचा वेग लगेच उतरतो. जेथे काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. याऐवजी प्लगची वायर काढण्याची जुनी सवय टाळावी. तसे केल्यास न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो व निकामी होऊ शकतो. मात्र या चाचणीने केवळ सिलिंडर कळतो, कारण कळत नाही.

तिसरी पायरी कानाची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरली, की सुईची लयबद्ध टिकटिक ऐकू येते. एकाचाच आवाज मंद किंवा गायब असेल, तर पुढे विजेची तपासणी करावी. कनेक्टरमध्ये छोटा टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारल्यावर तो लुकलुकला, म्हणजे संगणकाचा आदेश पोहोचतो आहे. एकच दिवा लागत नसेल, तर वायर तपासावी. गावी महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर हे नेहमीचे कारण. एकही लागत नसेल, तर दोष रिले, क्रँक सेन्सर किंवा इमोबिलायझरकडे असू शकतो.

मग मल्टिमीटर. बहुतेक गाड्यांतील इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहम असतो. काही जुन्या वेगवान मोटारींत तो २ ते ३ ओहमच असतो. आकड्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे सर्व इंजेक्टर एकमेकांशी जुळले पाहिजेत. हे मोजमाप थंड आणि गरम अशा दोन्ही स्थितींत घ्यावे, कारण वेटोळ्यातील बारीक तूट कित्येकदा तापल्यावरच उघडकीला येते. कमी रोधाच्या इंजेक्टरला बॅटरीची वायर थेट लावून 'टिक' ऐकण्याचा मोह आवरावा. २.५ ओहममधून जवळपास ५ अँपिअर प्रवाह वाहतो आणि वेटोळे जळू शकते.

सर्वांत निर्णायक चाचणी अदलाबदलीची. दोन क्रमांकाच्या सिलिंडरवर संशय असेल, तर त्याचा इंजेक्टर चारमध्ये आणि चारचा दोनमध्ये बसवावा. दोष इंजेक्टरसोबत चारकडे गेला, तर इंजेक्टर दोषी. दोष दोनमध्येच राहिला, तर इंजेक्टर निर्दोष. ओ-रिंगच्या किमतीत हजारोंचा निर्णय होतो. या काळातील बऱ्याच गाड्यांत स्कॅनरला पुरेशी माहिती मिळत नाही, त्यामुळे या साध्या चाचणीचे मोल मोठे.

उन्हाळ्यातील कोडे

विदर्भातील उन्हाळा हे निदान आणखी अवघड करतो. पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना इंजिन बंद केले, की बॉनेटखालील तापमान काही काळ उलट वाढते. नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सुरू होण्यास त्रास देते. हा वाफेचा दोष की गळक्या इंजेक्टरचा, हे दाबमापक सांगतो.

फ्युएल रेलवर दाबमापक लावून इंजिन बंद करावे आणि वीस मिनिटे काटा पाहावा. दाब टिकून असेल, तर गळतीचा संशय कमी होतो. तो भराभर उतरला, तर वाटा तीन : पंपातील झडप, रेग्युलेटर आणि इंजेक्टर. पेट्रोल टाकीकडे परतवणारी रबरी नळी असलेल्या गाडीत ती नळी योग्य चिमट्याने दाबून चाचणी पुन्हा घ्यावी. आता दाब टिकला, तर रेग्युलेटर दोषी. पंपाकडून येणारी नळी दाबल्यावर टिकला, तर पंपाची झडप दोषी. दोन्ही दाबूनही काटा उतरत राहिला आणि बाहेर कोठे गळती दिसत नसेल, तेव्हाच बोट इंजेक्टरकडे दाखवावे.

डिझेलच्या यंत्रावर नको

तालुक्याच्या गावी डिझेल पंप-नोझलची दुरुस्ती करणारी दुकाने जुनी आहेत. मायकोच्या, म्हणजे २००८ पासून बॉश नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीच्या, नाशिक येथील कारखान्यात तयार झालेले नोझल या कारागिरांच्या चांगल्या ओळखीचे. मात्र जुन्या पद्धतीचे डिझेल नोझल दीडशे-दोनशे बार दाबावर उघडते; पेट्रोल इंजेक्टरचे काम ३ बारच्या आसपास चालते. डिझेलच्या हातपंपावर पेट्रोल इंजेक्टर 'मारून' पाहिला, तर चांगला इंजेक्टरही कायमचा बिघडेल.

दिलासा वेगळ्याच दिशेने आला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि मोटारसायकलींतही पेट्रोल इंजेक्टर आला. त्यामुळे लहान गावातील दुचाकी मिस्त्रीकडेही मल्टिमीटर आणि इंजेक्टरची जुजबी माहिती असण्याची शक्यता वाढली आहे. वरील क्रमातील बऱ्याच चाचण्या त्याच्या आवाक्यात येतात.

इथेनॉलचा प्रश्न

महाराष्ट्राचे इथेनॉलशी नाते जुने आहे. २००१ मधील प्रायोगिक प्रकल्पांत मिरज आणि मनमाड यांचा समावेश होता; २००३ मध्ये राज्यात ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत बाजारात आले आणि २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि ओ-रिंग या प्रमाणासाठी बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉल टाकीतील जुना गाळ सैल करते आणि तो फिल्टरपर्यंत जातो. ते हवेतील ओलावाही शोषते. पावसाळाभर अर्धवट टाकीसह उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी मिसळलेला थर तळाशी बसू शकतो. अशा गाडीत आधी जुने पेट्रोल काढून फिल्टर बदलावा, मगच इंजेक्टरची चर्चा करावी. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या ओ-रिंग व नळ्या बसवणे हा टाळू नये असा खर्च आहे.

सफाई की बदल?

दोष सिद्ध झाल्यावरही बदल हा शेवटचा उपाय. चोंदलेले इंजेक्टर अल्ट्रासोनिक यंत्रात साफ करता येतात. त्यापूर्वी आणि नंतर ते चाचणी यंत्रावर लावून ठरावीक वेळेत प्रत्येकातून किती द्रव पडला, हे काचेच्या नळ्यांत मोजले जाते. एका संचातील फरक ५ टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तुषार शंकूच्या आकारात पडावेत, धार पडू नये. बंद स्थितीत दाबाखाली थेंब गळू नये. सफाईनंतरही गळणारा किंवा वेटोळे जळालेला इंजेक्टर मात्र बदलावाच लागतो. नवा घेताना केवळ आकार जुळून चालत नाही. रोध आणि प्रवाहाचे प्रमाणही जुळावे लागते.

या साऱ्यात एक धोका विसरता येत नाही. रेल उघडताना दाबाखालील पेट्रोल उडते आणि गरम एक्झॉस्टवर पडल्यास आग लागते. म्हणून इंजिन पूर्ण थंड असावे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग बॅटरीची ऋण वायर सोडवावी. उघड्यावर, मोकळ्या हवेत काम करावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. रेल उचलण्याचे काम अनुभवी मिस्त्रीनेच करावे.

प्रत्येक चाचणीचा आकडा सिलिंडरनिहाय कागदावर लिहून ठेवावा : कॉम्प्रेशन, रोध, वीस मिनिटांनंतरचा दाब, अदलाबदलीचा निकाल. बोरी अरबहून पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेला फोन करताना हा कागद समोर असला, की पलीकडच्या तज्ज्ञाला अंदाजाने 'सगळे बदला' म्हणावे लागत नाही. चारपैकी नेमका कोणता इंजेक्टर, आणि मुळात इंजेक्टरच का, याचे उत्तर गाडीच्या मालकाकडेच तयार असते.