एका पावाचे तीन उच्चार

आज जाऊया लिथुआनियाच्या पश्चिमेला, झेमाइतिया प्रदेशात. इथला जुना माणूस 'पाव' हा शब्द कसा उच्चारतो, यावरून तो कुठल्या भागातला ते कळतं.

प्रमाण लिथुआनियनमध्ये पाव म्हणजे 'दुओना'. संस्कृतातल्या 'धाना'शी, म्हणजे भाजलेल्या धान्याशी, त्याचं नातं आहे; म्हणजे आपलं 'धान्य'ही त्याच कुळातलं. झेमाइतियाच्या उत्तरेला याचं होतं 'दोउना', दक्षिणेला 'दूना' आणि क्लायपेडाजवळ 'दोना'. अभ्यासकांनी पोटबोलींची नावंच यावरून ठेवली: दोउनावाले, दूनावाले, दोनावाले.

फरक फक्त स्वरांचा नाही, आघाताचाही आहे. 'गल्वा' म्हणजे डोकं. प्रमाण भाषेत जोर शेवटच्या 'वा'वर पडतो, झेमाइतियात तो मागे सरकून 'गल्'वर येतो. शब्दांचे शेवटही आखडतात: 'वीरस' (पुरुष, आपला 'वीर'च की!) इथे 'वीर्स' होतो. शिवाय काही स्वर मध्येच गळ्यात अडकल्यासारखे तुटतात, डॅनिश भाषेत होतं तसं.

आता गंमत बघा. एवढे बदल पचवूनही बोली जिवंत राहिली. योनास याब्लोन्स्किस यांच्या 1901 च्या व्याकरणाने प्रमाण भाषेला आकार दिला, तो दुसऱ्या, म्हणजे आउक्श्ताइतियाच्या पश्चिमेकडच्या बोलीवर. झेमाइती घरात, बाजारात राहिली. तरी ती टिकली.

'दोना'चं मात्र वेगळं झालं. क्लायपेडाचा पट्टा आधी प्रशियाकडे, 1923 मध्ये लिथुआनियाकडे, 1939 मध्ये हिटलरच्या जर्मनीकडे गेला. 1944 मध्ये सोव्हिएत फौजा जवळ आल्या तशी तिथली बहुतेक माणसं जर्मनीकडे निघून गेली. युद्धानंतर तिथे बाहेरची माणसं येऊन राहिली. आज 'दोना' म्हणणारं जवळपास कोणी उरलं नाही.

2010 मध्ये झेमाइतीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा कोड मिळाला, 'एसजीएस'. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांसाठी ही मोठी गोष्ट, कारण कोड नसेल तर कॉम्प्युटरच्या लेखी भाषाच नसते. पण तीन पावांपैकी एकाला तो उशिराच मिळाला.

म्हणून मला वाटतं, उच्चार बदलल्याने बोली मरत नाही. बोलणाऱ्यांचं गाव सुटलं की मरते.