पॉलिट्रिकेसी

पॉलिट्रिकेसी हे हरिता (मॉस) वर्गातील वनस्पतींचे एक कुल आहे. बहुतेक हरितांची उंची काही मिलिमीटर ते दोन-तीन सेंटिमीटर असते. या कुलातील अनेक जाती मात्र त्याहून बऱ्याच उंच वाढतात. पॉलिट्रिकम कॉम्यून ही जाती साधारणपणे ५ ते १० सेंमी. उंच असते आणि ओलसर, दलदलीच्या जागी ४० सेंमी.पर्यंत वाढू शकते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील डॉसोनिया सुपर्बा ही सरळ उभ्या वाढणाऱ्या हरितांपैकी सर्वांत उंच मानली जाते. ती ५० सेंमी.पर्यंत पोहोचते. पॉलिट्रिकम, पोगोनॅटम, ॲट्रिकम आणि डॉसोनिया या कुलातील प्रमुख प्रजाती होत.

नाव
‘पॉलिट्रिकम’ हे नाव ‘पुष्कळ’ आणि ‘केस’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनले आहे. बीजुककोशावरील टोपी दाट केसाळ असल्याने ते पडले. ‘पोगोनॅटम’ या नावातही दाढी या अर्थाचा ग्रीक शब्द आहे.

रचना
हरितांना खरी मुळे नसतात. मूलाभ नावाचे बारीक धागे त्यांना जमिनीशी धरून ठेवतात. या कुलातील वनस्पतींच्या खोडाच्या मध्यभागी पाणी वाहून नेणाऱ्या पोकळ, मृत पेशींचा पट्टा असतो व त्याभोवती अन्नरस वाहून नेणाऱ्या पेशी असतात. त्यामुळे त्यांना इतर हरितांपेक्षा उंच वाढता येते. पानाच्या वरच्या पृष्ठभागावर हरितद्रव्ययुक्त पेशींच्या उभ्या, समांतर पट्टिका असतात. हवा कोरडी झाली की पाने खोडाला चिकटतात किंवा आक्रसतात आणि पाणी मिळताच काही मिनिटांत पुन्हा पसरतात.

ओळख
केवळ उंचीवरून हे कुल ओळखता येत नाही. भिंगाखाली पुढील लक्षणे एकत्र पाहावी लागतात:
* पाने ताठ, टोकदार, बहुधा दातेरी कडांची. त्यांचा तळ खोडाला आवरणासारखा वेढणारा.
* पानाच्या वरच्या बाजूस उभ्या पट्टिका.
* पॉलिट्रिकम व पोगोनॅटम यांत टोपी केसाळ. ॲट्रिकममध्ये ती जवळजवळ केसहीन आणि पाने आडव्या सुरकुत्यांची.
* बीजुककोशाच्या तोंडाशी बहुधा ३२ किंवा ६४ आखूड दंत व त्यांना जोडणारा पातळ पडदा.
* पॉलिट्रिकमचा बीजुककोश कोनयुक्त, तर पोगोनॅटमचा गोलसर व कोनरहित.

नर वनस्पतीच्या टोकाशी पेल्यासारखा पर्णगुच्छ असतो. त्यात पडलेल्या पावसाच्या थेंबांबरोबर नर पेशी आजूबाजूस उडतात. पुढील हंगामात त्याच पेल्यातून खोड पुन्हा वाढते.

रायगड किनारा आणि सह्याद्री
भारतात पोगोनॅटम ही प्रजाती हिमालय, ईशान्य भारत व पश्चिम घाट येथे आढळते. तिला डोंगराळ भागातील थंडावा, सावली आणि रस्त्याकडेचे किंवा पायवाटेचे उघडे मातीचे उतार मानवतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी भागांत पावसाळ्यात भिंतींवर व कौलांवर जो हिरवा थर चढतो, तो सामान्यतः या कुलाचा नसतो. चुना व सिमेंट अल्कधर्मी असतात, तर पॉलिट्रिकेसी कुलातील बहुतेक जातींना आम्लधर्मी माती लागते. भिंतींवर हायोफिलासारख्या आखूड हरिता वाढतात. सिलॅजिनेला ही वनस्पतीही हरितेसारखी दिसते. परंतु ती नेच्यांच्या जवळची असून तिला खरी मुळे असतात.

लागवड
जपानमधील हरिता-उद्यानांत पॉलिट्रिकम मोठ्या प्रमाणावर लावले जाते. तेथे त्याला ‘सुगीगोके’ म्हणतात. लागवड बीजुकांपासून किंवा तुकड्यांपासून करता येते. बीजुक रुजल्यावर प्रथम हिरव्या धाग्यांची जाळी (प्रोटोनीमा) तयार होते व तिच्यावर कोंब येतात. या पद्धतीस वेळ लागतो. तुकड्यांची पद्धत सोपी आहे. पसरट, छिद्र असलेल्या कुंडीत जांभ्याची लाल माती व वाळू यांचे मिश्रण भरतात. त्यात चुना किंवा खत घालत नाहीत. खोडाचे लहान तुकडे ओल्या मातीवर पसरून हलके दाबतात व कुंडी सावलीत ठेवतात. पाणी शक्यतो पावसाचे वापरतात.

कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने अनुकूल आहे. मात्र समुद्राकाठी खारा वारा, विहिरींचे मचूळ पाणी आणि मार्च ते मे या महिन्यांतील उष्मा ही वाढ टिकवणे कठीण करतात. पावसाळ्यात घाटातून उपटून आणलेला हिरवा गालिचा म्हणूनच उन्हाळ्यात टिकण्याची शक्यता कमी असते.

संवर्धन
ही हरिता उघड्या उतारावरील माती धरून ठेवते व धूप कमी करते. मोठा पट्टा खरवडल्यास उतार उघडा पडतो आणि वाढ भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. त्यामुळे अभ्यासासाठी दोन-चार खोडे पुरेशी मानली जातात. फणसाडसारख्या अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती काढणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार निषिद्ध आहे.